गगनगडावरून समुद्र दिसतो का?

पेठ वडगावचा परिसर वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यांतील उसाच्या रानांचा असल्यामुळे तेथून कोकणाचे दर्शन घ्यायचे तर कोल्हापूरमार्गे पश्चिमेला घाटमाथा, म्हणजे सह्याद्रीची ऐन कड, गाठावी लागते. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावडा असून, तेथूनच करूळ व भुईबावडा हे दोन घाट खाली उतरतात. गावालगतच्या गगनगडाची चढण लांब नसली तरी दमवणारी आहे, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर पाय कधी सरकेल याचा नेम नसतो. माथ्यावरून पूर्वेला देश, तर पश्चिमेला एकदम तुटलेला कडा व त्याखाली कोकणपट्टी दिसते.

समुद्र मात्र सहज दिसत नाही, आणि त्याचे कारण अंतर नव्हे. सुमारे ७०० मीटर उंचीवरून क्षितिज, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईमुळे नजर जेथे थांबते ती रेषा, नव्वदहून अधिक किलोमीटर दूर असते, तर विजयदुर्गाचा किनारा येथून सरळ रेषेत जेमतेम पन्नासच्या आसपास आहे. आड येते ते हवेतील बाष्प व धूळ. म्हणून पाऊस ओसरल्यानंतरची, धुऊन निघालेल्या हवेची स्वच्छ सायंकाळ त्यातल्या त्यात बरी, कारण मावळतीच्या तिरप्या उन्हात पाणी चमकण्याची शक्यता असते. भर पावसात तर हाताशी असलेली दरीही धुक्यात बुडते.