पॅरामॅटाचं स्टेडियम आणि शेजारचा तलाव

सिडनीत नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्यांदा गोंधळतो तो ‘फूटी’ या शब्दापाशी. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो इथे सॉकर. मेलबर्नकर फूटी म्हणतात ते ऑस्ट्रेलियन रूल्सला, आणि सिडनीकर फूटी म्हणतात ते रग्बी लीगला. आमच्या पॅरामॅटाच्या स्टेडियममध्ये रग्बी लीग आणि सॉकर दोन्ही चालतं. त्यामुळे कुठल्याही अर्थाने घ्या, ते फुटबॉलचंच स्टेडियम!

पॅरामॅटा हे सिडनीच्या पश्चिमेचं मोठं केंद्र. हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल ही आपल्या लोकांची उपनगरं त्याला अगदी लागून आहेत. मी वेस्टमीडला राहतो. सामना असला की पार्कच्या बाजूने निळ्या-पिवळ्या जर्सी घातलेली कुटुंबं चालत जाताना दिसतात. निळा-पिवळा हा पॅरामॅटा ईल्सचा रंग. ईल म्हणजे आपल्याकडची वाम. इथल्या मूळच्या दारुग लोकांच्या भाषेत ‘बरामाटा’ म्हणजे जिथे ईल असतात ती जागा. त्यावरून गावाचं नाव पडलं आणि पुढे क्लबचंही.

या जागेवर आधी होतं कंबरलँड ओव्हल. नावाप्रमाणेच लंबगोल आणि साधंसुधं. १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, पॅरामॅटाचा संघ सिडनीच्या मुख्य स्पर्धेत उतरला आणि हे त्याचं घर झालं. घर मिळालं, पण यश काही मिळेना. १९५६ ते १९६१ अशी सलग ६ वर्षं हा संघ तळाला राहिला. तरी लोक येत राहिले. पश्चिम सिडनी म्हणजे कामगारांची, बाहेरून आलेल्यांची वस्ती. समुद्राकाठची श्रीमंत सिडनी वेगळी आणि ही वेगळी. त्यामुळे संघ हरला तरी तो ‘आपला’ होता.

अखेर २७ सप्टेंबर १९८१ रोजी ईल्सनी अंतिम सामन्यात न्यूटाउनला २०-११ असं हरवलं. ३४ वर्षांनी पहिलं विजेतेपद! त्या रात्री पॅरामॅटात जल्लोष झाला आणि त्या भरात चाहत्यांनी आपल्याच कंबरलँड ओव्हलचा जुना ग्रँडस्टँड पेटवून दिला. हो, आपल्याच. जिंकल्याच्या आनंदात स्वतःचं घर जाळणारे लोक मी दुसरीकडे ऐकलेले नाहीत. पुढची ४ वर्षं संघ बेलमोरच्या मैदानावर पाहुण्यासारखा खेळला. गंमत म्हणजे १९८२ आणि १९८३ ची विजेतेपदं त्याने या बेघर काळातच मिळवली.

मग त्याच जागी नवं, आयताकृती पॅरामॅटा स्टेडियम उभं राहिलं. ५ मार्च १९८६ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि त्याच वर्षी ईल्स पुन्हा विजेते ठरले. त्यानंतर आजपर्यंत नाही. २०१२ मध्ये सॉकरचा वेस्टर्न सिडनी वाँडरर्स हा नवा क्लब इथे आला. दोनच वर्षांत, २०१४ मध्ये, त्याने आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. अंतिम फेरीचा पहिला सामना याच मैदानावर झाला. सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्ध १-० आणि परतीच्या लढतीत रियाधला ०-०. आशियाचं हे विजेतेपद मिळवणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन क्लब. तेही वीसेक हजार आसनांच्या उपनगरी स्टेडियममधून!

तरीही २०१७ मध्ये ते स्टेडियम पाडलं. वय अवघं ३१. एप्रिल २०१९ मध्ये ३० हजार आसनांचं नवं स्टेडियम त्याच जागेवर खुलं झालं. खर्च सुमारे ३६ कोटी डॉलर. ईस्टर सोमवारच्या पहिल्या सामन्यात ईल्सनी वेस्ट्स टायगर्सचा ५१-६ असा फडशा पाडला. आधी बँकवेस्ट आणि आता कॉमबँक, अशी त्याची नावं बँकांप्रमाणे बदलली, पण जुने लोक ‘पॅरा स्टेडियम’च म्हणतात. आतली आसनं इतकी उभ्या चढणीवर आहेत की शेवटच्या रांगेतूनही खेळाडू जवळ वाटतात.

माझे बाबा पुण्याहून आले होते, तेव्हा त्यांना एका सामन्याला नेलं. खेळ त्यांना फारसा कळला नाही, पण सगळं मैदान न्याहाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग जुनं कुठे आहे?” मी म्हटलं, “आपण त्याच्यावरच बसलोय.” त्यांना नवल वाटलं. आपल्याकडे जुनं तसंच राहतं आणि नवं दुसरीकडे होतं. ब्रेबॉर्न आहे तिथेच आहे आणि वानखेडे हाकेच्या अंतरावर. पुण्यात १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं ते नेहरू स्टेडियम स्वारगेटजवळच आहे, पण मोठे सामने बघायला आता एक्स्प्रेस-वेवरच्या गहुंजेला जावं लागतं. बाबा म्हणाले, “इथे चालत येता आलं, हे फार बरं केलंय.” खरंच आहे. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की स्टेडियम. पार्किंगच्या रांगेत तासभर अडकायला नको.

पण याची किंमत कोणी दिली, हेही सांगायला हवं. जुन्या स्टेडियमशेजारी १९५९ पासून सार्वजनिक पोहण्याचा तलाव होता, महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेला. नव्या स्टेडियमसाठी तो २०१७ मध्ये बंद करून पाडला. नवा तलाव कुठे आणि कोणाच्या पैशाने, यावर राज्य सरकार आणि कौन्सिलमध्ये बरीच ओढाताण झाली. नवा तलाव पार्कच्याच मेज हिल भागात खुला झाला तो सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणजे स्टेडियम दोन वर्षांत आणि तलाव सहा वर्षांनी. तलाव बंद झाला तेव्हा पाच वर्षांचं असलेलं मूल नवा उघडेपर्यंत अकरा वर्षांचं झालं.

ऑस्ट्रेलियात पोहणं हा छंद नाही, गरज आहे. इथल्या मुलांना ते लहानपणीच शिकवतात. आपण मात्र विहिरीला आणि नदीला घाबरत वाढलो आणि थेट पॅसिफिकच्या काठावर येऊन राहिलो. पश्चिम सिडनीतल्या बाहेरून आलेल्या कुटुंबांना जवळचा, स्वस्त तलाव सगळ्यात जास्त लागतो, आणि तोच सहा वर्षं नव्हता. आमच्या शेजारचे आजोबा ईल्सचे कट्टर चाहते. ते म्हणतात, “स्टेडियम मला हवंच होतं. पण माझी तिन्ही मुलं त्या तलावात पोहायला शिकली, ते कसं विसरू?”

मला त्यांचं म्हणणं पटतं. नव्या स्टेडियमला माझा विरोध नाही. ते त्याच जागी, लोकांच्या पायाशी बांधलं, ही तर शिकण्यासारखी गोष्ट. पण सामने वर्षातून मोजकेच दिवस असतात आणि तलाव रोज लागतो. पुण्यात, मुंबईत किंवा इथे, मोठा प्रकल्प जाहीर झाला की आपण आसनं किती आणि खर्च किती एवढंच वाचतो. त्याच जागेवर आणखी काय होतं आणि ते परत कधी मिळणार, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

आई-बाबा सिडनीला आले की त्यांना ऑपेरा हाऊस दाखवालच. एक दिवस पॅरामॅटासाठीही ठेवा. हॅरिस पार्कला चहा-नाश्ता करा, पार्कमधून नदीकाठाने फिरत स्टेडियमपर्यंत या. आणि नातवंडं सोबत असतील तर त्यांचे पोहण्याचे कपडे बरोबर घ्यायला विसरू नका. तलाव आता उघडा आहे.