उपासनामंदिराचा निधि : संकल्प, संग्रह आणि हिशेब

उपासनामंदिराचें छप्पर गळूं लागलें, कीं मंडळीची सभा भरते. एखादा पुढारी उठून सणाची व लिलावाची सूचना करतो, ती सर्वांस पसंत पडते आणि सभा उठते. पैसा किती हवा, तो कोणीं मोजावयाचा आणि उरला तर कोठें जावयाचा, हे प्रश्न मात्र तसेच राहतात. पुढें छपरावर नवीं कौलें चढतात किंवा चढत नाहींत. परंतु हिशेब न कळल्यामुळें मंडळींत जी फूट पडते, ती बुजविण्यास कोणताहि गवंडी उपयोगी पडत नाहीं.

हा प्रश्न नवा नव्हे. यहूदाचा राजा योवाश याच्या कारकीर्दींत यरुशलेमच्या मंदिराच्या डागडुजीसाठीं याजकांकडे पैसा येत असे; तथापि राज्याच्या २३ व्या वर्षापर्यंत दुरुस्ती झाली नव्हती, असा वृत्तांत राजांच्या दुसऱ्या ग्रंथांत आहे. घेणारे तेच आणि खर्चणारेहि तेच, ही तेथील अडचण होती. तेव्हां यहोयादा याजकानें एक पेटी घेऊन तिच्या झाकणास भोंक पाडलें व ती वेदीजवळ ठेवविली. पेटींत पैसा पुष्कळ झाला म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक हे दोघे मिळून तो मोजीत, थैल्यांत बांधीत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या स्वाधीन करीत. त्यांच्याकडून तो सुतार, गवंडी व पाथरवट यांस मिळे. घेणें, मोजणें आणि खर्चणें हीं तीन कामें निरनिराळ्या हातीं असावींत, हा धडा या एका पेटींत आहे.

दुसरा धडा पौलाचा. यरुशलेममधील गरिबांसाठीं वर्गणी जमवितांना त्यानें करिंथकरांस कळविलें कीं, प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें, म्हणजे आयत्या वेळीं धांवपळ होणार नाहीं. शिवाय, एवढ्या रकमेच्या बाबतींत कोणी दोष लावूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला माणूस त्यानें सोबतीस घेतला.

महाराष्ट्रांतील अनेक मराठी मंडळ्यांत निधि जमविण्याचें परिचित साधन म्हणजे कापणीचा सण. इंग्लंडांत या सणास आजचें रूप १८४३ सालीं कॉर्नवॉल परगण्यांतील मॉर्वेनस्टो येथील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनीं दिलें, असें मानतात. इकडे ज्वारीचीं कणसें, भोपळे, केळीचे घड, अंडीं, कोंबड्या आणि घरीं केलेले लाडू वेदीपुढें येतात; उपासना संपल्यावर आवारांत त्यांचा लिलाव होतो.

या सणाची आखणी अंकांपासून सुरू व्हावी. समजा, कौलें, वासे व मजुरी मिळून ८०,००० रुपये लागतात. ६० कुटुंबांनीं २५ आठवडे दर आठवड्यास २० रुपये पाकिटांत घातले, तर ३०,००० रुपये सणापूर्वींच जमतात. उरले ५०,०००. मांडव, ध्वनिक्षेपक व जेवण यांस १०,००० खर्च धरला, तर सणांतून ६०,००० यावयास हवेत. जेवणाचीं २०० तिकिटें शंभर रुपयांनीं विकलीं, तर २०,००० रुपये येतात. लिलाव व दुकानें यांवर ४०,००० चा भार राहतो. हा हिशेब आधीं न केल्यास मांडवाचा खर्चच कौलें खाऊन टाकतो. दिवसहि विचारपूर्वक निवडावा : खेड्यांत पीक घरीं आल्यावर, शहरांत पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारीं.

लिलावांत मोठी जपणूक लागते ती गरिबांच्या मानाची. श्रीमंत गृहस्थ एका नारळावर हजार रुपये बोलतात तेव्हां सर्व माना तिकडे वळतात. मागून एखाद्या विधवेची मेथीची जुडी आली, तर पुकारणाराहि ती घाईनें उरकतो. असें एकदां झालें, कीं पुढच्या वर्षीं ती बाई सणास येत नाहीं. म्हणून वस्तु आलटून पालटून पुकाराव्यात, लहान वस्तूंच्या जुड्या एकत्र बांधाव्यात आणि देणाऱ्याचें नांव मुळींच घेऊं नये. बोली झाली कीं ती लागलीच वहींत लिहावी व पैसे त्याच दिवशीं घ्यावेत. उधारीची बोली कागदावर निधि फुगविते, छपरावर कौल चढवीत नाहीं. सोडतीचीं तिकिटें विकण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें आधीं कायदा पाहावा.

रोख रक्कम परस्परांशीं नातें नसलेल्या दोघांनीं सर्वांदेखत मोजावी. मोबाईलवरून येणारे पैसे मंडळीच्या बँकखात्यांतच यावेत, कोणाच्या खासगी खात्यांत नव्हे. प्रत्येक देणगीस अनुक्रमांकाची पावती द्यावी. जेथें मंडळीचा न्यास नोंदलेला आहे, तेथें १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणें हिशेब ठेवणें व तपासून घेणें बंधनकारकच आहे. परंतु तपासनिसाची वाट न पाहतां पुढच्याच रविवारीं जमा, खर्च व शिल्लक मोठ्यानें वाचून दाखवावी आणि तो कागद दारावर लावावा.

काम भागल्यावर मागणें थांबविणें हेंहि याच व्यवस्थेंत येतें. रानांत निवासमंडप उभारतांना लोकांनीं गरजेहून अधिक आणलें, तेव्हां आतां कोणीं कांहीं आणूं नये, अशी मोशेनें छावणींत दवंडी पिटविली, असें निर्गमाच्या ३६ व्या अध्यायांत आहे. छपराच्या नांवानें घेतलेल्या पैशांतून कांहीं उरलेंच, तर तें कोठें लावावें हें देणाऱ्यांच्या सभेंत ठरावें. ती मेथीची जुडी देणारी बाईहि त्या सभेंत असावी, आणि तिला विचारलें जावें.