फोन सायलेंट, तरी स्पीकर का बोलतो?

मागच्या वेळी आपण 'कारण' कशाला म्हणायचं, ते बघितलं. आज त्याचं रोजचं उदाहरण घेऊ.

ठाण्याचं गडकरी रंगायतन घ्या, कल्याणचं अत्रे रंगमंदिर घ्या, नाहीतर डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर. सूचना होते, मोबाईल सायलेंट करा. आपण करतो. तरी मधेच स्पीकरमधून 'टट् टटर् टटर्' येतं आणि पाठोपाठ कुणाचा तरी फोन थरथरतो. लोक म्हणतात, स्पीकरला आधीच कळतं! मग हा काकतालीय न्याय का, कावळा बसला आणि फांदी मोडली असा? नाही. इथे खरं कारण आहे.

फोन वाजण्याआधी टॉवरशी बोलतो. टूजीमध्ये एका लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. त्यामुळे संभाषणात प्रत्येक फोनचं प्रक्षेपण सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होतं. रिंगच्या आधीचे निरोप तुटक गटांनी जातात, म्हणून तो ठेका. मूळ लहर ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झची, ती कानाला ऐकू येणं शक्यच नाही. पण २१७ ची उघडझाप कानाच्या टप्प्यात येते, बरं का!

माईकची वायर अँटेनासारखी ही लहर पकडते. अँप्लिफायरमधला ट्रान्झिस्टर लहरीची एक बाजू दाबतो, मग उरते फक्त उघडझाप, आणि तीच मोठी होऊन बाहेर येते. म्हणजे फोन आवाज करतच नाही, तो घडतो अँप्लिफायरमध्ये.

आता अन्वय-व्यतिरेक लावून बघा. फोन माईकजवळ न्या, आवाज येतो. सायलेंट करा, तरी येतो. एअरप्लेन मोडवर टाका, थांबतो. कारण सायलेंटने फक्त घंटी बंद होते, प्रक्षेपण नाही. उलट बंद सभागृहात सिग्नल कमजोर असला, की फोन जास्त जोर लावतो. फोरजीत ही उघडझाप तेवढी ठळक नसते, म्हणून त्रास कमी झालाय. पण टूजी आपल्याकडे अजून चालू आहे.

हे का सांगतोय? कानातल्या श्रवणयंत्रातही माईक आणि अँप्लिफायरच असतो. आपल्या वयाचे कितीतरी लोक फोन कानाला लावला की गुणगुण होते म्हणून मुलांशी बोलणंच टाळतात आणि दोष स्वतःच्या कानाला देतात. कान बिघडलेला नसतो. फोन स्पीकरवर टाकून हातभर लांब ठेवून बघा. आणि नाटकाला जाल तेव्हा एअरप्लेन मोड.