दोन कार्डे, एक चित्र

संगणकाच्या पडद्यावर धावणारा घोडा अथवा वळण घेणारी मोटार ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका होय. चित्रपटातील चित्रे आधीच घेतलेली असतात. खेळात मात्र खेळणाऱ्याने कळ दाबल्यावर पुढील चित्र काढावयाचे असते. सेकंदास ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रास सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद एवढाच अवधी मिळतो. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. ते अपुरे पडू लागले की दुसरे कार्ड जोडावे, ही कल्पना कोणालाही सुचेल. परंतु दुसऱ्या कार्डाचा उपयोग किती होईल, हे कामाची वाटणी कशी होते यावर अवलंबून असते.

अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स या कंपनीने १९९८ मध्ये 'वूडू २' हे कार्ड विक्रीस आणले. अशी दोन कार्डे एका फितीने जोडता येत. पडद्यावरील सम ओळी एक कार्ड रंगवी, विषम ओळी दुसरे. एकटे कार्ड ८०० × ६०० बिंदूंपर्यंतचे चित्र काढीत असे. जोडी १०२४ × ७६८ बिंदूंपर्यंत पोहोचे. लगतच्या दोन ओळींतील दृश्य बहुधा सारखेच असल्यामुळे दोघांच्या वाट्यास जवळजवळ समान काम येई. ही कार्डे केवळ खेळातील त्रिमितीय चित्रेच काढीत. म्हणून नित्याच्या कामासाठी तिसरे कार्ड लागे ते निराळेच. हौसेला मोल नसते!

पुढे एनव्हिडियाने २००४ मध्ये आणि कॅनडातील एटीआयने २००५ मध्ये जोडकार्डांची पद्धत नव्याने आणली. तोपर्यंत वस्तूंचे कोपरे व पृष्ठे पडद्यावर कोठे येतील, हे गणितही कार्डच करू लागले होते. चित्राचे दोन तुकडे केले तरी या गणिताचा बराच भाग दोन्ही कार्डांना करावाच लागे. म्हणून आळीपाळीची पद्धत रूढ झाली : पहिले, तिसरे, पाचवे चित्र एका कार्डाचे, दुसरे, चौथे, सहावे दुसऱ्याचे.

येथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. दोन चुलींवर पोळ्या भाजल्या, तर तासाभरात पोळ्या दुप्पट होतील. पण एक पोळी भाजण्यास लागणारा वेळ तोच राहील. शिवाय दोन्ही चुलींवरील पोळ्या जवळजवळ एकाच वेळी उतरल्या, तर जेवणाऱ्याच्या पानात दोन पोळ्या लागोपाठ पडतात आणि मग ताटकळणे येते. समजा, प्रत्येक कार्डास एका चित्रासाठी ३० सहस्रांश सेकंद लागतात. जोडीची चित्रे दर १५ सहस्रांशांनी यावयास हवीत. ती आलटून पालटून ५ आणि २५ सहस्रांशांच्या अंतराने आली, तरी मोजणी सेकंदास सुमारे ६७ चित्रेच दाखवील. डोळ्यांना मात्र सेकंदास ४० चित्रांच्या गतीसारखा अडखळता प्रत्यय येईल. आकडा खरा, पण सुख नाही.

स्मृतीचीही बेरीज होत नसे. खेळातील भिंती, झाडे, चेहरे यांची सामग्री दोन्ही कार्डांत स्वतंत्रपणे ठेवावी लागत असल्याने ४ गिगाबाइटची दोन कार्डे मिळून खेळास ४ गिगाबाइटच उपलब्ध होत. वीज आणि उष्णता मात्र दुणावत.

या पद्धतीच्या मुळावर खरा घाव घातला तो चित्रकलेतील प्रगतीनेच. वस्तूंच्या दातेरी कडा गुळगुळीत करण्यासाठी नवे खेळ मागील चित्रातील माहिती पुढील चित्रात मिसळू लागले. मागील चित्र शेजारच्या कार्डावर असेल, तर ती माहिती येईपर्यंत थांबणे भाग पडते. आणि थांबावयाचेच, तर दुसऱ्या कार्डाचा लाभ तो काय? प्रत्येक खेळासाठी जुळणीची वेगळी योजनाही लिहावी लागे. एनव्हिडियाने २०२१ च्या प्रारंभापासून आपल्या पद्धतीकरिता नव्या योजना देणे थांबविले, आणि २०२२ मध्ये आलेल्या 'आरटीएक्स ४०९०' या कार्डावर जोडणीची जागाच ठेवली नाही. म्हणून जुन्या बाजारातील दुसरे कार्ड स्वस्त मिळाले, तरी नव्या खेळासाठी ते घेण्यापूर्वी तो खेळ जोडीचा उपयोग करतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

चलच्चित्रे तयार करणाऱ्या कलावंतांकडे मात्र दोन-दोन, चार-चार कार्डे आजही एकत्र राबतात. ब्लेंडरसारख्या कार्यक्रमात एकाच दृश्याच्या प्रकाशकिरणांचे गणित त्यांच्यात वाटता येते. एका किरणाचे उत्तर दुसऱ्यावर अडून राहत नाही, आणि पुढील चित्राची वाट पाहत कोणी खेळाडूही बसलेला नसतो.