गव्हर्नर फेअर आणि उसाचा खाडा

सर आर्थर फेअर यांचे चरित्र साम्राज्याच्या इतिहासात चढत्या पायऱ्यांसारखे मांडले जाते. १८१२ चा जन्म, १८२८ मध्ये कंपनीच्या लष्करात प्रवेश, पुढे आराकान व पेगूचे कमिशनर, १८६२ पासून ब्रिटिश ब्रह्मदेशाचे पहिले चीफ कमिशनर आणि १८७४ ते १८७८ मॉरिशस बेटाचे गव्हर्नर. मल्हारराव गायकवाडांच्या विषप्रयोग प्रकरणातील बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर हे त्यांचे धाकटे बंधू.

परंतु बेटाचा इतिहास गव्हर्नरच्या बंगल्यातून नव्हे, उसाच्या फडातून वाचला पाहिजे. १८३५ साली तेथील गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले, घाटावरचे कुणबी होते, महारही होते. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटोचा दाखला जवळ बाळगावा लागे. नसला की भटक्या म्हणून अटक.

१८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी अर्ज केला. तो लिहिण्यास मदत करणाऱ्या आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसावर मळेवाले तुटून पडले. पण १८७२ मध्ये चौकशी आयोग नेमावाच लागला. १८७५ ला त्याचा अहवाल आला आणि फेअर यांच्याच कारकिर्दीत १८७८ चा नवा मजूर कायदा झाला. मोहोर गव्हर्नरची, रेटा मजुरांचा. तरीही दुहेरी कपात विसाव्या शतकापर्यंत टिकली. कायदा कागदावर बदलतो, फडावर तो बदलून घ्यावा लागतो.

हे आपल्याला परके नाही. वाटूर, परतूर, मंठा या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल अंगावर, नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवस पडला की खाडा: मजुरी जाते, वर दंडही. या खाड्याच्या धाकाने बीड जिल्ह्यातील स्त्रियांनी गर्भाशये काढून घेतल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. दलित, भटके आणि भूमिहीन यांच्या वाट्याला हा कोयता अधिक येतो, हा योगायोग नव्हे.

मॉरिशसच्या मजुरांनी आपल्या तक्रारी कागदावर आणल्या, म्हणून आयोगाला त्या नाकारता आल्या नाहीत. आज खाड्याची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत असते. ती मजुराच्या वहीतही हवी. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आणि शिकलेल्या पोरांनी आधी ती वही लिहायला बसावे.