स्कॉटलंडच्या शाळांतील स्कॉटिश वाङ्मय आणि भाषा

२०१२ साली स्कॉटलंडच्या शासनाने असे ठरविले की, शालेय शिक्षणाच्या वरच्या टप्प्यांवरील इंग्रजी विषयाच्या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या स्कॉटिश लेखकाच्या कृतीवरील प्रश्न सोडविलाच पाहिजे. हे परिवर्तन २०१४ व २०१५ च्या परीक्षांपासून अमलात आले. ‘हायर’ या परीक्षेच्या वाङ्मयविषयक प्रश्नपत्रिकेतील ४० गुणांपैकी २० गुण या प्रश्नास देण्यात आले. ज्या देशास स्वतःचे शिक्षणखाते, स्वतःचे कायदे आणि सहा शतकांहून अधिक काळाची वाङ्मयपरंपरा आहे, त्या देशास आपलेच लेखक आपल्याच शाळेत शिकविण्यासाठी सक्ती करावी लागावी, ही गोष्ट भाषाभ्यासकाने थोडी थांबून पाहण्याजोगी आहे.

प्रथम भाषांसंबंधी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘स्कॉटिश भाषा’ म्हणून एकच एक भाषा नाही. उत्तरेकडील व पश्चिमेकडील डोंगराळ मुलुखाची आणि बेटांची गेलिक ही केल्टिक कुळातील भाषा असून ती आयरिशची निकट आप्त होय. सखल प्रदेशातील ‘स्कॉट्स’ ही मात्र जर्मानिक भाषा आहे. नॉर्थम्ब्रियाच्या प्राचीन अँग्लियन बोलीपासून ती उद्भवली. म्हणजे इंग्रजीची ती मुलगी नव्हे, बहीण आहे. स्कॉट्स ही स्वतंत्र भाषा की इंग्रजीची बोली, हा वाद जुना आहे. मराठी-कोंकणीचा वाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यातील युक्तिवाद अपरिचित वाटणार नाहीत.

या जन्मसंबंधाचा शाळेशी प्रत्यक्ष संबंध येतो. ग्लासगोच्या एखाद्या मुलाने घरास ‘हूस’ आणि उंदरास ‘मूस’ म्हटले, की शिक्षक त्यास ‘हाउस’, ‘माउस’ असे सुधारून देत. त्यामागील समजूत अशी की, मुलाने इंग्रजी शब्द बिघडविला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पंधराव्या शतकापासून दक्षिणेकडील इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे जे मोठे स्थित्यंतर झाले, त्यात तेथील दीर्घ ‘ऊ’चा संयुक्त स्वर बनला, उत्तरेकडे हा ‘ऊ’ मुळातच टिकून राहिला. तसेच ‘नाइट’ऐवजी ‘निख्त’ म्हणताना जो घर्षक उच्चारला जातो, तो जुन्या इंग्रजीचा वारसा असून प्रमाण इंग्रजीने तो गमावला आहे. ‘स्टोन’, ‘होम’ यांच्या जागी येणारी ‘स्टेन’, ‘हेम’ ही रूपे एकाच जुन्या दीर्घ ‘आ’ची उत्तरेकडील परिणती होत. दर्शक सर्वनामांत तर जवळचे, दूरचे आणि त्याहून दूरचे (‘यॉन’) असे तीन स्तर स्कॉट्सने राखले आहेत. मुलाच्या तोंडी असलेली ही व्यवस्था नियमबद्ध आहे. पण तीन शतके शाळेने तिला चूक हे एकच नाव दिले.

हे कसे घडले? १५१३ साली ‘ईनिअड’चे भाषांतर पूर्ण करणारा गॅव्हिन डग्लस आपल्या भाषेस अभिमानाने ‘स्कॉटिस’ म्हणतो. त्यावेळी ती दरबाराची, कायद्याची आणि काव्याची भाषा होती. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर देवळात बायबल आले ते इंग्रजीत. १६०३ साली सहावा जेम्स लंडनच्या गादीवर बसला आणि राजाश्रय दक्षिणेस गेला. १६९६ च्या कायद्याने गावोगाव शाळा ठेवण्याची तरतूद झाली. तेथे वाचनाचे मुख्य पुस्तक बायबल असल्यामुळे साक्षरता पसरली ती इंग्रजीची. १७०७ च्या ऐक्याने पार्लमेंट गेले. शिक्षण, न्याय आणि चर्च ही मात्र स्कॉटलंडच्या हाती राहिली. तेव्हा भाषेचा जो ऱ्हास शाळेत झाला त्याचा सगळा दोष लंडनला देता येत नाही.

अठराव्या शतकातील एडिंबरोच्या विद्वानांनी तर हे काम हौसेने केले. डेव्हिड ह्यूमने १७५२ साली टाळावयाच्या स्कॉट्स शब्दप्रयोगांची यादी सिद्ध केली. पुढे जेम्स बीटीनेही तशीच यादी केली. १७६१ साली टॉमस शेरिडनने एडिंबरोच्या सभ्य गृहस्थांस शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्याने दिली; हा शेरिडन स्वतः आयरिश होता, हे विसरू नये. पुढच्याच वर्षी एडिंबरो विद्यापीठात ह्यू ब्लेअर हा वक्तृत्व व ललित वाङ्मयाचा प्राध्यापक झाला. इंग्रजी वाङ्मय हा विद्यापीठीय विषय ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कितीतरी आधी स्कॉटलंडमध्ये उभा राहिला, आणि आपल्या बोलण्यातील स्कॉट्सपण पुसण्याची गरज हे त्याचे एक कारण होते. मुंबईत १८३२ साली शाळा सुरू करणारे, ज्यांच्या नावाने विल्सन महाविद्यालय ओळखले जाते ते जॉन विल्सन, लॉडर या स्कॉट्सभाषी गावात जन्मले आणि एडिंबरोत शिकले. आपल्याकडे आलेल्या इंग्रजी शिक्षणाचा एक झरा या परंपरेतून वाहत आला आहे.

गेलिकची कथा अधिक कठोर आहे. १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्यात तिचा उल्लेखही नव्हता. १९१८ च्या कायद्यात तो आला. गेलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग ग्लासगो व इन्व्हर्नेस येथे १९८५ साली सुरू झाले, आणि आज त्या भाषेस माध्यमाचा दर्जा आहे. स्कॉट्सला तो कधीच मिळाला नाही. तिच्या वाट्यास आला तो रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. दर वर्षी २५ जानेवारीच्या सुमारास मुलांनी बर्न्सच्या कविता पाठ म्हणावयाच्या, बक्षिसे घ्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कवितांतील शब्द वर्गात उच्चारले म्हणून बोलणी खावयाची, असा हा प्रकार होता.

या पार्श्वभूमीवर सक्तीच्या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे त्याचे मोल आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. पहिल्या यादीत बर्न्स होता, नॉर्मन मकेग, एडविन मॉर्गन, लिझ लॉकहेड, कॅरल अ‍ॅन डफी हे कवी होते, जॉन बर्नचे नाटक होते. लुइस ग्रासिक गिबनची १९३२ ची ‘सनसेट साँग’ ही कादंबरीही होती. तिच्या नायिकेचे मन इंग्रजी पुस्तके आणि स्कॉट्स माती यांत दुभंगलेले आहे, म्हणजे ज्या शाळेत ती नेमली गेली त्या शाळेचाच तो विषय आहे. परंतु या कृतींवरील उत्तरे विद्यार्थी लिहितो ती प्रमाण इंग्रजीत. सॉर्ली मक्लेन हा गेलिकचा थोर कवी. तोही या प्रश्नपत्रिकेत इंग्रजी रूपानेच भेटला. वाङ्मय आत आले, भाषा उंबरठ्यावर राहिली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. सक्तीमुळे अभ्यासाचे क्षेत्र संकुचित होईल, हा आक्षेप मला तितकासा वजनदार वाटत नाही. उरलेल्या २० गुणांसाठी शेक्सपिअर मोकळाच आहे.

भाषेसाठी निराळा प्रयत्न झाला तो २०१४ साली. तत्कालीन परीक्षा प्राधिकरणाने स्कॉट्स भाषेचा स्वतंत्र अभ्यासक्रम व प्रमाणपत्र सुरू केले. २०११ च्या जनगणनेत स्कॉट्सविषयी प्रथमच प्रश्न विचारला गेला आणि सुमारे १५ लाख लोकांनी आपण ती बोलतो असे नोंदविले. २०२२ मध्येही आकडा जवळजवळ तेवढाच राहिला. २०२५ च्या कायद्याने गेलिक व स्कॉट्स या दोहोंस अधिकृत दर्जा दिला असून स्कॉट्सच्या शिक्षणासंबंधी निकष ठरविण्याचा अधिकारही शासनास मिळाला आहे.

आता खरी अडचण लेखनाची आहे. अठराव्या शतकापासून मुद्रक ‘विथ’च्या स्कॉट्स रूपापुढे लोपचिन्ह घालीत आले, जणू काही त्या शब्दात इंग्रजीचे एखादे अक्षर गळून पडले आहे. १९४७ साली काही कवींनी एकत्र येऊन हे चिन्ह टाकून देण्याचा व लेखनात थोडी एकरूपता आणण्याचा नियमपट तयार केला. पण सर्वमान्य लेखनपद्धती अद्याप नाही. स्कॉटिश राष्ट्रीय कोशाचे दहा खंड १९७६ साली पूर्ण झाले, आणि त्यात एकाच शब्दाची अनेक रूपे शेजारी-शेजारी नांदतात. ‘काय’ या अर्थी ग्लासगोचे मूल ‘व्हिट’ लिहील, अ‍ॅबर्डीनकडील मूल ‘फिट’ लिहील, कारण ईशान्येकडे शब्दारंभीच्या ‘व्ह’चा ‘फ’ होतो. शेटलंडच्या मुलाच्या तोंडी ‘दिस’, ‘दॅट’ ही रूपे असतील. यांपैकी एकच रूप प्रमाण ठरविले, तर उरलेल्या मुलांना पुन्हा ‘तुझे चुकले’ असे सांगावे लागेल, आणि यावेळी ते त्यांच्याच भाषेच्या नावाने. काहीच ठरविले नाही, तर बोलीरूप कोणते व हातचूक कोणती, हे तपासणाऱ्या शिक्षकास स्वतःच ओळखता आले पाहिजे. त्यासाठी त्याला ध्वनिविचार आणि बोलींचा भूगोल शिकलेला असावा लागतो.