इंग्रजीत निरोप सांगताना 'मी' म्हणजे कोण?

रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत आपला मुलगा नवीनच कामाला लागलाय असं समजा. सुपरवायझर त्याला फोनवर सांगतो, "आय विल नॉट कम टुमॉरो." मुलगा मॅनेजरला जाऊन सांगतो, "सर, सुपरवायझर सेड दॅट आय विल नॉट कम टुमॉरो." त्याने निरोपाचा एकही शब्द बदलला नाही, पण मॅनेजरला भलतंच समजलं. उद्या हा मुलगाच येणार नाही!

दुसऱ्याचं बोलणं असं पुढे सांगणं म्हणजे रिपोर्टेड स्पीच. पुस्तकात त्यालाच इनडायरेक्ट स्पीच म्हणतात. बोर्डाच्या इंग्रजी पेपरात व्याकरणाच्या प्रश्नांत हे येतं, म्हणून मुलं नियम पाठ करतात, तरी चुकतात. याचं मोठं कारण आपल्या बोलण्याच्या सवयीत आहे, असं आम्हा शिक्षकांना वर्गात दिसतं.

घरात आपण म्हणतो, "आयेशा ने कहा कि मैं कल आऊंगी." मराठीत म्हणतो, "आयेशा म्हणाली की मी उद्या येईन." दोन्हीकडे 'की' नंतर आयेशाचे शब्द जसेच्या तसे राहतात आणि 'मी' म्हणजे आयेशा, हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत तसं नाही. 'दॅट' नंतरचा 'आय' म्हणजे निरोप सांगणारा. म्हणून बरोबर वाक्य असं: "आयेशा सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे."

वाक्य बदलताना मुलांनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१. कोण? 'आय', 'माय', 'यू' हे शब्द कुणासाठी आलेत ते आधी ठरवा, मग 'ही', 'शी', 'हिज', 'हर' यांपैकी योग्य शब्द घाला.

२. काळ कोणता? सुरुवातीला 'सेड' किंवा 'टोल्ड' असेल तर काळ एक पाऊल मागे जातो: 'इज' चं 'वॉज', 'हॅव' चं 'हॅड', 'विल' चं 'वुड', 'कॅन' चं 'कुड'. 'सेज' असेल तर काळ बदलत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो, असं कायमचं सत्यही तसंच ठेवतात.

३. केव्हा, कुठे? 'टुडे' चं 'दॅट डे', 'यस्टरडे' चं 'द प्रीव्हियस डे', 'हिअर' चं 'देअर'.

४. वाक्य कसलं आहे? प्रश्न असेल तर 'आस्क्ड' वापरा, 'दॅट' लावू नका आणि शब्दांचा क्रम साध्या वाक्यासारखा ठेवा: "ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड." हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'वेदर' येतं. हुकूम किंवा विनंती असेल तर 'टू' किंवा 'नॉट टू'.

आणखी एक लक्षात ठेवा. 'टोल्ड' नंतर कुणाला सांगितलं ते लगेच येतं, 'टोल्ड मी'. 'सेड मी' होत नाही, 'सेड टू मी' म्हणावं लागतं.

आता सराव. खालची वाक्यं वहीत बदला:

अ) झोया सेड, "आय अ‍ॅम हेल्पिंग माय मदर."
आ) द टीचर सेड टू इम्रान, "हॅव यू फिनिश्ड युअर होमवर्क?"
इ) अब्बा सेड टू मी, "डोन्ट वेस्ट वॉटर."

उत्तरं:

अ) झोया सेड दॅट शी वॉज हेल्पिंग हर मदर.
आ) द टीचर आस्क्ड इम्रान इफ ही हॅड फिनिश्ड हिज होमवर्क.
इ) अब्बा टोल्ड मी नॉट टू वेस्ट वॉटर.

आम्हाला इंग्रजी येत नाही, मुलांना काय शिकवणार, असं बरेच पालक म्हणतात. या धड्यात मात्र अम्मी-अब्बांची मदत खरंच होते. घरी रोज कुणाचा तरी फोन येतो, मामूंचा किंवा खालाजानचा व्हॉइस मेसेज येतो. त्यातलं एक वाक्य मुलाला इंग्रजीत सांगायला लावा. मग आपल्याच भाषेत विचारा, "यातला 'आय' कोण? हे कुणी, कुणाला, कधी सांगितलं?" उत्तर देताना मूल अडखळलं, तर वाक्य पुन्हा तपासायला सांगा. रोज दहा मिनिटं पुरेत. पेपरातले मार्क तर वाढतीलच, उद्या कामावर निरोपही नीट पोचेल.